शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी आम्हां सातवीच्या मुलांना एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले होते. कोणी शिवाजी महाराज घेतले, कोणी सावित्रीबाई, कोणी गाडगेबाबा तर कोणी डॉ. आंबेडकर. मी ताराबाई मोडक यांचे नाव घेतले. तेव्हा वर्गातल्या काही पोरांनी विचारले की या बाई कोण? मी त्यांना म्हटले, तुम्ही लहान असताना अंगणवाडीत गेला होता की नाही? तर ती अंगणवाडी ज्यांच्या डोक्यातून निघाली त्याच या बाई. त्यांची गोष्ट मी माझ्या भाषेत सांगते.

बालपण आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे नाव उमाबाई. घरातली माणसे प्रार्थना समाजाच्या विचारांची होती. प्रार्थना समाजाची माणसे जातिभेद मानत नसत आणि मुलींनी शिकावे असे त्यांना वाटे. त्या काळी मुलीने चार बुके शिकणे हेसुद्धा फार झाले असे लोक समजत. ताराबाई मात्र शिकत राहिल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. तेव्हा त्यांचे वय २२ वर्षे होते. आज आपल्या गावातल्या ताई बी. ए. होतात तर आपल्याला नवल वाटत नाही. पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पदवी घेतलेली बाई पाहायला मिळणे ही मोठी गोष्ट होती.

अमरावतीचा संसार

आता आपल्या वऱ्हाडाचा संबंध येतो. ताराबाईंचे लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले आणि त्या अमरावतीला आल्या. तेव्हा अमरावती आणि आपला बुलडाणा दोन्ही जिल्हे मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. म्हणजे ताराबाई काही वर्षे आपल्याच मुलखात राहिल्या. त्यांना एक मुलगी झाली. तिचे नाव प्रभा. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ साली नवरा-बायको कायद्याने वेगळे झाले.

त्या काळात घटस्फोट घेतलेल्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याचा विचार करा. पदरात लहान लेकरू, घर सुटलेले. एखादी बाई रडत बसली असती तर तिला कोणी नाव ठेवले नसते. ताराबाईंनी शिक्षणाच्या जोरावर नोकरी शोधली. गुजरातमधील राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे स्त्रियांचे एक कॉलेज होते. त्या कॉलेजच्या त्या पहिल्या भारतीय प्राचार्य झाल्या. पगार चांगला होता, मान होता. आपल्याला वाटेल की आता गोष्ट संपली. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

गिजुभाईंची भेट

गुजरातमध्येच भावनगर हे शहर आहे. तिथे दक्षिणामूर्ती नावाच्या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःचा मुलगा शिकायच्या वयाचा झाला तेव्हा लहान मुलांना कसे शिकवावे याचा ते विचार करू लागले आणि वकिली सोडून बालशिक्षणात पडले. ते मुलांवर इतकी माया करत की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणायचे.

त्या आधी इटली देशात डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब कामगारांच्या वस्तीत लहान मुलांचे घर सुरू केले होते. लहान मूल हाताने काम करून शिकते, त्याला मारून-दामटून शिकवायचे नसते, असे त्यांचे म्हणणे होते. गिजुभाईंनी हीच पद्धत आपल्या मुलांना मानवेल अशी केली. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि मोठ्या पदाची नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिका नावाचे मासिक काढले. ते आधी गुजरातीत होते. पुढे ताराबाईंनी ते मराठीतही आणले. १९३६ साली त्या मुंबईला आल्या आणि दादर येथे शिशुविहार सुरू केले. तिथे मुले शिकत आणि मुलांना शिकवणाऱ्या बायाही शिकत.

बोर्डी गावात

दादरचे काम छान चालले होते. पण ताराबाईंच्या मनात एक गोष्ट सलत होती. बालवाडीत येणारी मुले शहरातल्या सुशिक्षित घरांतली होती. माँटेसरीची साधने महाग होती. रंगीत लाकडी ठोकळे, दांडे, पेट्या हे सगळे विकत आणायला पैसा लागतो. मग खेड्यातल्या गरीब लेकरांनी काय करायचे? गांधीजींच्या नई तालीमचा विचारही तेव्हा देशात चालू होता. शिक्षण खेड्यात गेले पाहिजे आणि ते कमी खर्चात झाले पाहिजे, हे ताराबाईंना पटले होते.

म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून बोर्डी या समुद्राकाठच्या गावी गेल्या. बोर्डी डहाणू तालुक्यात आहे. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा. त्या बालपणीच विधवा झाल्या होत्या, तरी शिकून शिक्षिका झाल्या होत्या. या दोघींची जोडी शेवटपर्यंत टिकली.

पोरं येईनात, तर शाळाच निघाली

बोर्डीला बालवाडी उघडली. पण गरीब वस्तीतली मुलेच येईनात. आई-बाप पहाटेच कामाला जात. लहानग्यांना कोण आणून सोडणार? आणि अंगावर धड कपडे नाहीत, आंघोळ नाही, अशा मुलांना शाळेत यायची भीती वाटे.

तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी उलटा विचार केला. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनेच मुलांकडे जावे. त्या सरळ वस्तीवर गेल्या. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडले, तिथेच मुलांना जमवले, त्यांचे हातपाय-तोंड धुतले, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या, खेळ घेतले. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. हा शब्द असा जन्माला आला. त्याला इमारत नको, बाक नको, घंटा नको. अंगण आणि मुलांवर माया करणारी बाई असली की झाले.

काही वर्षांनी, १९५७ च्या सुमारास, हे काम बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली आदिवासींचे पाडे आहेत. त्या पाड्यांवर घरोघरी दारिद्र्य होते. वारली मुलांची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. म्हणून आधी मुलांच्याच बोलीतल्या गोष्टी आणि गाणी, मग हळूहळू पुस्तकाची भाषा, असा क्रम ठेवावा लागला. आपल्या संग्रामपूर तालुक्यातही सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू, भिलाला मुले आहेत. घरी वेगळी बोली बोलणारे मूल वर्गात गप्प बसले तर ते ढ आहे असे कोणी समजू नये. त्याला येते सगळे, फक्त त्याच्या बोलीत येते.

काही मुले दिवसभर ढोरे चारायला रानात जात. ती शाळेत कधी येणार? तर शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरताहेत, झाडाखाली मुले शिकताहेत. तिला कुरणशाळा म्हणत.

बहिणीच्या कडेवरचा भाऊ

मला ताराबाईंचे सगळ्यात जास्त आवडलेले काम आता सांगते. मोठ्या मुली शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी शोधून काढले. आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम मोठ्या बहिणीकडे असते. ती भावंडाला कडेवर घेऊन शाळेत आली तर वर्गात ते रडणार. नाही आली तर तिचे शिक्षण बुडणार.

ताराबाईंनी यावर उपाय काढला. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असे तीन भाग ठेवले. त्याला विकासवाडी हे नाव दिले. अगदी तान्हे बाळ पाळणाघरात, तीन-चार वर्षांचे भावंड बालवाडीत आणि मोठी बहीण तिच्या वर्गात. मधल्या सुटीत बहीण भावाला पाहून येऊ शकते. आई निर्धास्तपणे कामाला जाते. एका युक्तीने घरातली सगळी लेकरे शिकायला लागली.

पालकहो, हे वाचून मला आपल्याकडचे कापूस वेचणीचे दिवस आठवले. त्या दिवसांत आमच्या वर्गातल्या काही मुली येत नाहीत. माझ्या एका मैत्रिणीची मागच्या वर्षी दोन महिने शाळा बुडाली, कारण घरी लहान भाऊ होता आणि माय वावरात जात होती. ती हुशार आहे. पण अपूर्णांकांचा सगळा भाग तिचा राहून गेला. तिची मायसुद्धा काय करणार? वेचणी सोडली तर मजुरी बुडते. ताराबाईंनी ७० वर्षांपूर्वी दोघींचीही अडचण समजून घेतली आणि एकीलाही दोष दिला नाही. धाकट्याला अंगणवाडीत घातले, तर त्याच्या ताईलाही शाळेत येता येते. हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

खेळता खेळता आकडे

आता ताराबाईंची मुले शिकत कशी, ते पाहू. कारण पुष्कळ पालकांना वाटते की अंगणवाडीत नुसता खेळ चालतो आणि खिचडी मिळते, अभ्यास काही होत नाही.

महाग साधनांच्या ऐवजी ताराबाई आणि अनुताईंनी आजूबाजूला फुकट मिळणाऱ्या वस्तू घेतल्या. समुद्राकाठचे शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, काड्या, माती. लहान मूल आधी या वस्तूंची वर्गवारी करते. गुळगुळीत खडे एकीकडे, खरबरीत दुसरीकडे. मोठी पाने इकडे, लहान तिकडे. मग लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावते. मग एका मुलाला एक फूल असे वाटते. फुले उरली की मुले कमी पडली हे त्याला न सांगता कळते. यात अजून एकही आकडा लिहिलेला नाही, तरी गणित सुरू झालेले आहे.

मी घरी हे करून पाहिले. माझी धाकटी बहीण चार वर्षांची आहे. ती एक ते वीस धडाधड म्हणते. आबा सगळ्या पाहुण्यांपुढे तिला म्हणायला लावतात. एकदा मी तिच्यापुढे सरकी ओतली आणि पाच बिया मागितल्या. तिने मूठभर उचलून दिल्या. म्हणजे तिला आकड्यांचे गाणे पाठ होते, मोजणे येत नव्हते. मग मी रोज तिच्याकडून एका बीवर एक बोट ठेवून मोजून घेतले. शेवटी जो आकडा येतो तेवढ्या सगळ्या बिया, हे कळायला तिला काही दिवस लागले. आता ती जेवणाच्या वेळी घरातली माणसे मोजते आणि तेवढीच ताटे घेते. परवा आजी गावाला गेली होती, तर तिने एक ताट आपणहून परत ठेवले. वजाबाकी अशी शिकतात हे मला तेव्हा समजले.

अक्षरांच्या आधी

अक्षरांचेही तसेच आहे. मुलाने आधी पुष्कळ ऐकायचे आणि पुष्कळ बोलायचे. गोष्टी, गाणी, कोडी, घरातल्या गप्पा. ज्याच्याजवळ शब्द भरपूर आहेत त्याला वाचताना अर्थ लागतो. त्यानंतर कान तयार करायचा. कमळ, कप, कणीस यांची सुरुवात एकाच आवाजाने होते, हे मुलाला खेळातून ओळखू द्यायचे. मग त्या आवाजाचे चित्र म्हणजे अक्षर दाखवायचे. माँटेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे कापून पाटीवर चिकटवतात. मूल त्यावरून बोट फिरवते, तोंडाने आवाज काढते, म्हणजे डोळा, बोट आणि कान तिन्ही एकदम शिकतात.

लिहिण्यासाठी बोटांत जोर लागतो. मातीचे गोळे करणे, मणी ओवणे, शेंगा सोलणे, धुळीत रेघोट्या ओढणे या सगळ्यांनी बोटे तयार होतात. म्हणून मूल चिखलात खेळले की लगेच रागावू नये. त्याचा हात पेन्सिलीसाठी तयार होत असतो. पहिलीत आम्हांला बाईंनी ग, म, भ, न ही अक्षरे आधी शिकवली, कारण त्यांची वळणे एकमेकांसारखी आहेत आणि दोन-तीन अक्षरे आली की लगेच शब्द होतो. गमन वाचता आल्याबरोबर मुलाला वाटते, आपल्याला वाचता येते. तो आनंद मोठा असतो.

आता काही जण तीन वर्षांच्या पोराला गाडीत बसवून लांबच्या शाळेत पाठवतात. तिथे त्याला पानेच्या पाने लिहून आणायला सांगतात. पोरगे रात्री झोपेत पेंगत लिहिते. त्याने शंभरपर्यंत लिहिले की घरचे खूश होतात. इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही, मलाही इंग्रजी शिकायचे आहे. पण पाच बिया मोजता येत नसताना शंभरपर्यंत लिहून काय उपयोग? पाया भरल्याशिवाय भिंत उभी केली तर ती पावसाळ्यात बसते, हे आपल्या काळ्या मातीत घर बांधणाऱ्यांना सांगायला नको. त्या लेकराला पुढे गणिताची भीती बसते आणि चौथी-पाचवीत ते शाळेला कंटाळते.

शेवटची वर्षे

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे कोसबाडचे काम अनुताईंनी सांभाळले. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्याही गेल्या.

ताराबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात ३३ ठिकाणी ही योजना होती. त्या योजनेतल्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात १३ लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. काश्मीरपासून तमिळनाडूपर्यंत सरकारी कागदांवर हा आपला मराठमोळा शब्द लिहिला जातो. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पाया मानला आहे आणि त्या वयात खेळातून शिकवावे असे सांगितले आहे. ताराबाई हेच काम कितीतरी वर्षे आधी वस्तीवरच्या अंगणात करत होत्या. मात्र हे सगळे पाहायला त्या राहिल्या नाहीत.

आपण काय करावे

मोठ्या माणसांचे चरित्र वाचून नुसता हार घालायचा नसतो, असे आमचे गुरुजी सांगतात. म्हणून मी चार गोष्टी लिहिते. त्यांना एक रुपयाही लागत नाही.

१. घरातल्या लहान मुलाला रोज एक गोष्ट सांगा. आजी-आजोबांनी आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगितली तर फारच छान.

२. तुरी, हरभरे, सरकी, चिंचोके त्याच्यापुढे ठेवा. निवडू द्या, मोजू द्या, जोड्या लावू द्या. फक्त फार लहान मूल तोंडात घालणार नाही याकडे लक्ष ठेवा.

३. ते चुकीचे बोलले तर हसू नका. घाबरलेले मूल विचारायचे बंद होते.

४. तीन वर्षांचे झाले की त्याला अंगणवाडीत रोज पाठवा, आणि मोठ्या मुलीला वेचणीच्या दिवसांतही शाळेत राहू द्या.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यासाठी पाचवी गोष्ट. शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या दिवशी आपल्यापैकी दोघा-दोघांनी पाळीने जवळच्या अंगणवाडीत जाऊन अर्धा तास लहान मुलांना गोष्ट सांगावी आणि बिया मोजण्याचा खेळ घ्यावा, असे मी बाईंना सुचवले आहे. बाईंनी हो म्हटले आहे. अंगणवाडीच्या ताईंनाही विचारले, त्यांनी आनंदाने या म्हटले. ज्यांना यायचे असेल त्यांनी या कागदाच्या खाली आपले नाव लिहावे. माझ्या त्या मैत्रिणीने सगळ्यांत आधी नाव लिहिले आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी, संग्रामपूर